माळ्यावरचं पिंप आठ वर्षांनी खाली काढलंय

औंधकर

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक पिंप खाली आलं. तीस लिटरचं, पांढरं, तळाशी तोटी असलेलं. २०१७ साली जर्मनीहून सामान आलं तेव्हा जे वर गेलं ते आत्ता उतरलं. आत माझं घरी बिअर करायचं सगळं सामान जागच्या जागी होतं. उकळलेला द्रव गार करायचं तांब्याच्या नळीचं वेटोळं, घनता मोजायचा काचेचा हायड्रोमीटर, आतला वायू बाहेर सोडणारे पण हवा आत न घेणारे तीन एअरलॉक, बाटल्यांना बुचं बसवायचं हातयंत्र, आणि सगळ्यात खाली माझी वही.

वही उघडली आणि सकाळ त्यातच गेली.

श्टुटगार्टजवळ मी सात वर्षं होतो, गिअरबॉक्सच्या कामावर. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मला त्याच्या तळघरात नेलं. मोठ्या पातेल्यात भरडलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, गरम पाण्यात कालवत होता. भाजलेली भाकरी, शेवयांची खीर आणि ओलं गवत एकत्र केल्यासारखा तो वास नाकात बसला तो बसलाच. पुढच्या महिन्यात मी माझं पिंप आणलं. तिथे घरच्यापुरती वर्षाला २०० लिटरपर्यंत बिअर करायला कर नव्हता, फक्त आधी सीमाशुल्क कार्यालयाला कळवावं लागे. सात वर्षांत एकेचाळीस घाणे झाले.

वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो: "घाणा १७. मॅश ६६ अंश, ६० मिनिटं. उकळी ६० मिनिटं. सुरुवातीची घनता १.०४८, शेवटची १.०१०. यीस्ट टाकल्यावर अकरा तासांनी पहिला बुडबुडा." ज्यांना हे आकडे नवीन आहेत त्यांच्यासाठी: मॅश म्हणजे माल्ट गरम पाण्यात कालवून ठेवणं. यीस्ट साखर खातं तसा द्रव हलका होत जातो. दोन घनतांमधल्या फरकाला १३१.२५ नं गुणलं की अल्कोहोलचं शेकडा प्रमाण मिळतं. म्हणजे इथे सुमारे ५ टक्के.

पिण्याच्या आठवणी त्या मानानं पुसट आहेत. तिसऱ्या रात्री तळघरात उतरून, घड्याळ लावून एअरलॉकचे बुडबुडे मोजायचो, ते मात्र लख्ख आठवतं. एखाद्या जिवंत गोष्टीची रोज विचारपूस करायची, तिला ऊब हवी की गारवा ते बघायचं, आणि मग तीन आठवडे हात न लावता थांबायचं. पुण्यात आल्यापासून असं काही माझ्या हातात राहिलेलं नाही. आता वय सत्तेचाळीस आहे, मुलगी बारावीला आहे, आणि संध्याकाळी फोन सोडून काहीतरी हातानं करावं असं फार वाटतं.

मला परत सुरुवात करायची आहे. जुन्यातलं काय ठेवावं, काय टाकावं? पुण्याच्या उन्हाळ्यात तळघराशिवाय तापमान कसं सांभाळायचं? आणि इथला कायदा काय म्हणतो? जाणकारांनी सांगावं.

दुपारचा चहा

छान लिहिलंय. यातलं काहीच माहीत नाही, पण वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

लांबचा प्रवासी

वाह! मी मिनेसोटात आहे, गॅरेजमध्ये बारा वर्षं बिअर करतोय. साहित्याबद्दल सांगतो. एअरलॉक, हायड्रोमीटर, बुचाचं यंत्र ठेवा. रबराच्या चकत्या, प्लास्टिकच्या नळ्या टाकून द्या. पिंपाला आतून बोट फिरवून बघा. ओरखडे असतील तर तेही टाका, कारण ओरखड्यात जंतू बसतात आणि कितीही धुतलं तरी निघत नाहीत. यीस्टची जुनी पाकिटं असतील तर त्यातलं बहुतेक मेलेलं असेल. जुने हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वाळवलेली फुलं, नाकाशी धरून बघा. चीजसारखा वास आला तर संपलं.

गरमीवर एक उपाय अलीकडे सगळ्यांना सापडला आहे, तो म्हणजे क्वाइक. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या घरात सांभाळलेलं यीस्ट. बिअरचं साधं, एल जातीचं यीस्ट १८ ते २२ अंशांत खूश असतं, त्यावर गेलं की उग्र, डोकं चढवणारे वास सोडतं. क्वाइक ३५ अंशांतही स्वच्छ आंबवतं. पुण्याच्या मे महिन्याला याहून योग्य काही नाही.

इथेही हा छंद फार जुन्या काळापासून मोकळा नव्हता बरं का. दारूबंदी १९३३ साली उठली, पण घरगुती बिअरला केंद्रीय कायद्यात मुभा मिळाली ती १९७८ च्या कायद्यानं, जिमी कार्टर अध्यक्ष असताना. शेवटची दोन राज्यं, मिसिसिपी आणि अलाबामा, २०१३ मध्ये तयार झाली. तुमच्याकडेही होईल कधीतरी.

काळा कोट

औंधकर, धाग्याचा विरस करायचा नाही, पण तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न खरं म्हणजे पहिला आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

मद्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. त्यामुळे जर्मनी, अमेरिका सोडाच, गोव्यात काय चालतं याचाही इथे उपयोग नाही. आपल्याकडे लागू आहे तो १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. कलम १२ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई आहे. मद्याच्या व्याख्येत बिअर नावानिशी आहे, शिवाय अल्कोहोल असलेला कोणताही द्रव आहे. "मी विकत नाही, घरीच पितो" ही सबब चालत नाही. कलम ६५ मध्ये शिक्षा आहे, तुरुंगवासाची आणि दंडाची, आणि मद्य बनवण्याच्या हेतूनं भांडी, साधनं, कच्चा माल बाळगणंही त्याच कलमात येतं. माळ्यावर पिंप असणं हा गुन्हा नाही. त्या हेतूनं ते वापरायला काढणं हा आहे.

पुष्कळ लोक गुपचूप करतात, हे मलाही माहीत आहे. पण तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून सरळ उत्तर: महाराष्ट्रात घरी बिअर करू नका. मुलगी बारावीत आहे म्हणालात. घरात राज्य उत्पादन शुल्क विभागाची माणसं यायला एका शेजाऱ्याची तक्रार पुरते.

औंधकर

काळा कोट, मनापासून आभार. थोडंफार कानावर होतं, पण साधनांबद्दलचं माहीत नव्हतं. मी काही लपूनछपून करणार नाही. ज्या गोष्टीची मला मजा येते ती खिडक्या बंद करून करायची असेल तर तिच्यात मजा राहणार नाही.

पिंप परत वर टाकतो. वही मात्र खालीच ठेवतोय.

विरजण

थांबा हो, इतक्यात वर टाकू नका.

तुमची वही नीट बघा. माल्ट भरडला, ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला, गाळला, उकळला, गार केला. इथपर्यंत अल्कोहोलचा थेंब आहे का त्यात? यीस्ट टाकल्यावर पुढचं सुरू होतं. म्हणजे तुमच्या कामाचा निम्म्याहून जास्त भाग असा आहे जो माझी आजी चुलीपुढे बसून करत होती.

आमच्याकडे नाचणीचं सत्त्व घरी करतात. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड काढायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. हाच माल्ट! फक्त धान्य वेगळं. मी हे बाळंतिणींसाठी आणि लहान मुलांसाठी अजून करून देते. साध्या नाचणीच्या पिठाची पेज घट्ट गोळा होते, आणि मोड आलेल्या नाचणीची तेवढ्याच पिठात पातळ राहते, गोडसर लागते. का ते मला कुणी शास्त्रात सांगितलं नाही, पण आजी म्हणायची की मोडानं पीठ "उमललं".

तुम्ही जवाला मोड काढून बघा ना. माल्ट विकत आणून तर जर्मनीतही केलात. स्वतःचा माल्ट केला आहे का कधी?

औंधकर

विरजणताई, नाही. एकदाही नाही. एकेचाळीस घाण्यांत माल्ट पोत्यातून आला. हे डोक्यात आलंच नव्हतं.

सूक्ष्मदर्शी

मी निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. विरजण यांच्या आजींचा शब्द उत्तम आहे, त्यातलं शास्त्र सांगतो.

दाणा म्हणजे झोपलेलं रोप आणि त्याची शिदोरी. शिदोरी स्टार्चच्या रूपात असते, आणि स्टार्च रोपाला थेट खाता येत नाही. पाणी मिळालं की अंकुर जागा होतो आणि अमायलेज नावाची एन्झाइम तयार करतो. ती स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून साखर करतात. पेज पातळ होते ती यामुळे. लहान मुलाच्या छोट्याशा पोटात तेवढ्याच पातळपणात जास्त धान्य जातं, म्हणून मोडाचं सत्त्व बाळांना चांगलं.

माल्ट करणारा माणूस रोपाला फसवतो असं आम्ही विद्यार्थ्यांना सांगायचो. एन्झाइम तयार झाली की रोपानं शिदोरी संपवायच्या आत दाणा वाळवून टाकायचा. मग ६६ अंशांच्या पाण्यात एन्झाइम पुन्हा कामाला लागतात. त्यातली बीटा अमायलेज ६२ ते ६५ च्या आसपास जोरात असते आणि यीस्टला आवडणारी साखर देते, अल्फा ७० च्या पुढेही टिकते आणि यीस्टला न पचणारी, पेयाला दाटपणा देणारी साखर मागे ठेवते. औंधकर ६६ वर का थांबत असत ते यावरून कळेल. दोघींना काम मिळतं.

काम संपलं का ते बघायला टिंचर आयोडीनचा एक थेंब पांढऱ्या बशीत घ्या, त्यात मॅशचा एक थेंब टाका. निळाकाळा झाला तर स्टार्च उरलाय. तपकिरीच राहिला तर झालं.

यीस्टचा मोह सुटत नसेल तर तुमचा माल्ट पावाच्या कणकेत घाला. पूर्वी युरोपात पाववाले यीस्ट बिअरवाल्यांकडूनच आणत. एमिल हान्सननं १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, तोवर सगळ्यांचं काम अंदाजानंच चालत असे. आणि पुणेकरांना एक सांगायला हवं: औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आपल्या पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) आहे. यीस्टचे कितीतरी वाण तिथे गोठवून जपलेले आहेत. औंधहून पाषाण केवढं लांब?

दुपारचा चहा

एक शंका, मूर्खपणाची वाटली तर माफ करा. घरी बनवलेल्या दारूनं माणसं मरतात ना? मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभराहून जास्त लोक गेले. मग जर्मनीत लोक घरी कसे करतात?

सूक्ष्मदर्शी

शंका अगदी योग्य आहे. मालवणीत जीव गेले ते मिथेनॉलनं. मिथेनॉल हे कारखान्यांत वापरायचं विषारी रसायन, ते स्वस्त पडतं म्हणून दारूत मिसळलं जातं. धान्य आंबवलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असतं. घरच्या बिअरचा खरा धोका बाटली फुटण्याचा. साखर उरलेली असताना बाटली बंद केली तर आत दाब वाढतो आणि काच उडते. ऊर्ध्वपातन, म्हणजे वाफ करून दारू गाळणं, हा मात्र पूर्ण वेगळा विषय आहे, त्याच्या वाटेलाही जाऊ नये, कोणत्याही देशात.

माणदेशी

मी हा धागा दोन दिवस वाचतेय आणि लिहू की नको असं होत होतं.

आमच्या गावात बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद केलं. आडवी बाटली. त्यासाठी माझी आई घरोघर फिरली, कारण तिच्या सख्ख्या भावाचं घर दारूनं गेलं होतं. मामा हुशार होता, हार्मोनियम वाजवायचा. चाळिशीत गेला. त्यामुळे घरी बिअर करणं हा "छंद" म्हणून वाचताना पोटात कालवतं. तुम्ही कायदा पाळताय ते बरं आहे, पण "तुमच्याकडेही होईल कधीतरी" असं कुणी लिहिलं की मला भीती वाटते.

औंधकर

माणदेशी, लिहिलंत ते बरं केलंत. मामांबद्दल वाचून वाईट वाटलं.

यावर माझ्याकडे खोडून काढण्यासारखं काही नाही. मी ज्या सात वर्षांबद्दल लिहितोय त्यात माझ्याकडे नोकरी होती, कुटुंब होतं, आठवड्याला दोन बाटल्यांवर थांबण्याची सवय होती. हे सगळं नसलेल्या माणसाच्या हातात तेच पिंप काय करेल हे मला माहीत आहे. माझा एक चुलतभाऊ त्यातून गेला आहे. म्हणूनच विरजणताईंची वाट मला अधिकाधिक पटतेय. जव आणायला उद्या जातो.

लांबचा प्रवासी

माणदेशी ताई, ते वाक्य माझं होतं. मी इथल्या चष्म्यातून लिहिलं. मनापासून क्षमस्व.

कसबेकर

औंधकर, तांब्याच्या वेटोळ्याबद्दल कुणी बोललंच नाही. आठ वर्षांत हिरवट डाग पडले असतील. ते तांब्याचे क्षार आहेत, पोटात जाता कामा नयेत. चिंचेच्या कोळात मीठ घालून चोळा, मग भरपूर पाण्यानं धुवा, लखलखीत होईल. कुठे चीर गेली असेल किंवा जोड ढिला असेल तर कसब्यात तांबट आळीत घेऊन या. पेशव्यांच्या काळापासून तांब्यावर ठोके पडताहेत तिथे, नळीचा जोड म्हणजे त्यांच्या हातचा मळ. कल्हई मात्र करून घेऊ नका, तुमची नळी पेयात बुडते आणि उघडं तांबं उष्णता पटकन ओढतं.

पाषाणकरीण

जव पूजेच्या दुकानात मिळतो. हवनासाठी.

मुंढवा नाका

उशिरा आलो. मी पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्यात, बिअर बनवतो, नाव लिहीत नाही.

काही गोष्टी कामाच्या. पाण्याबद्दल: खडकवासल्याचं नळाचं पाणी तसं मऊ असतं, पिल्सनर जातीच्या फिकट बिअरला मऊ पाणीच लागतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी मात्र जड असतं, त्यात माल्ट टाकला की चव कडवट, तुरट होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, रात्रभर उघडं ठेवा किंवा उकळून घ्या, नाहीतर औषधासारखा वास येतो. तुम्ही नुसता माल्टचा काढा करणार असाल तरी हे लागू आहे.

हॉप्स आपल्याकडे हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात होतात. त्या वेलाला उन्हाळ्यातले लांब दिवस लागतात, त्यामुळे पुण्याच्या गच्चीवर लावायच्या भानगडीत पडू नका. वेल येईल, फुलं येणार नाहीत.

गारव्याबद्दल: आमच्याकडे टाक्यांना ग्लायकॉलचं थंड पाणी फिरतं. घरी लोक ओलं फडकं गुंडाळून पंखा लावतात, माठाचंच तत्त्व. एप्रिलच्या कोरड्या हवेत चार-पाच अंश सहज उतरतात. जुलैत काही उपयोग नाही, हवाच ओली असते.

पण मी लिहायला आलो ते वेगळ्या कारणानं. पुण्याला या बाबतीत मान आहे. २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली ती पुण्यात, तेव्हा ताजी बिअर म्हणजे काय हे इथल्या लोकांना पहिल्यांदा कळलं. मूनशाइनवाले मध आंबवून मीड नावाचं मद्य करतात तेही पुण्याचेच. मी स्वतः सांगलीचा, वडील द्राक्षबागायतदार. घरी काम सांगताना दोन वर्षं "फूड इंडस्ट्रीत आहे" एवढंच म्हणत होतो. त्यामुळे माणदेशी यांचं दुखणं मला परकं नाही.

औंधकर, तुमच्या वहीतले आकडे वाचून सांगतो, तुम्ही निष्काळजी माणूस नाही. आमच्या मालकांना विचारलं. परवाना आमचा, टाकी आमची, जबाबदारी आमची. तुम्ही एक दिवस सकाळी सहाला या, मॅशपासून यीस्ट टाकेपर्यंत सोबत उभे राहा. तोपर्यंत जवाचा माल्ट करा. तो घेऊन या, मला बघायचाय.

औंधकर

मुंढवा नाका, काय लिहू कळत नाही. येतो. नक्की येतो.

औंधकर

पाच आठवड्यांनी लिहितोय. सविस्तर लिहितो, कुणाला करून बघायचं असेल तर उपयोग होईल.

किराणा दुकानातली पॉलिश केलेली बार्ली आणून पहिली फजिती झाली. तिला मोड येतच नाहीत, अंकुरच घासला गेलेला असतो. मग पूजेच्या दुकानातला जव आणला. शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून मोजले, चार दिवसांत एकसष्ट फुटले. शेवटी मार्केट यार्डात भुसार बाजारात एका जुन्या दुकानदारानं सालासकट नवा जव दिला. शंभरात चौऱ्याण्णव. त्यानंच बजावलं की पेरणीचं बियाणं घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

दोन किलो जव घेतला. आठ तास पाण्यात, आठ तास निथळत, पुन्हा आठ तास पाण्यात. सतत बुडवून ठेवला तर दाणा गुदमरतो. मग स्टीलच्या दोन परातींत दोन इंच जाडीचा थर करून ओला पंचा झाकला आणि आमच्या उत्तरेच्या बाल्कनीत ठेवला. डिसेंबरचं पुणं यासाठी देवानं दिल्यासारखं आहे. रात्री १२ अंश, दिवसा सावलीत चोवीस-पंचवीस. सकाळ-संध्याकाळ हातानं वरखाली करायचा, नाहीतर मुळ्या एकमेकांत गुंततात आणि मधे ऊब धरून बुरशी येते. तिसऱ्या दिवशी परातीवरून ताज्या काकडीचा वास येऊ लागला. आई म्हणाली, "कोशिंबीर केलीस का?" तो वास आला की समजायचं बरोबर चाललंय.

पाचव्या दिवशी एक दाणा उभा चिरून बघितला. सालीखालून पाठीच्या बाजूनं कोंब सरकत असतो, तो दाण्याच्या पाऊण लांबीला आला होता. तिथे थांबलो. दोन दिवस गच्चीवर उन्हात, मग ओव्हनमध्ये ५० अंशांवर दार किंचित उघडं ठेवून, शेवटी तीन तास ८० वर. घाई करून ओल्या दाण्याला एकदम ८० ची आच दिली तर एन्झाइम मरतात. वाळल्यावर दोन्ही हातांत चोळून मुळ्या काढल्या, सुपात पाखडल्या. पाखडायचं काम आईनं केलं, मला ते जमत नाही. दोन किलोंचा पावणेदोन किलोला थोडा कमी माल्ट झाला.

मिक्सरमध्ये अगदी एक-दोन झटके. दाणा फुटला पाहिजे, साल अख्खी राहिली पाहिजे, कारण पुढे गाळताना सालच चाळणीचं काम करते. पाच लिटर पाणी ७२ अंशांना, त्यात माल्ट कालवला आणि तापमान ६६ ला येऊन बसलं. मोठ्या पातेल्याला दोन गोधड्या गुंडाळल्या. तासानं ६४ होतं. आयोडीनचा थेंब पहिल्यांदा निळा झाला, दीड तासानं तपकिरी राहिला. माझी मुलगी पुस्तक मिटून ते बघायला आली. बारावीच्या रसायनशास्त्रातलं काहीतरी तिनं बशीत घडताना पहिल्यांदा पाहिलं आणि मग सूक्ष्मदर्शी काकांचा प्रतिसाद अख्खा वाचला.

मलमलीतून गाळून, वर आणखी पाणी ओतून, उकळून सात लिटर निघालं. घनता १.०४२. हायड्रोमीटर २० अंशांसाठी बनवलेला असतो आणि द्रव तीसच्या आसपास होता, म्हणजे दोन मिळवून १.०४४ धरा. विकतच्या माल्टशी तुलना केली तर कमी आहे. घरातल्या पहिल्या माल्टसाठी मी खूप खूश आहे.

यीस्ट टाकलं नाही. सुंठ आणि वेलदोडा घालून गरमच सगळ्यांनी प्यायलं. आईला इतकं आवडलं की ती रोज संध्याकाळी कपभर मागते. सहाव्या मजल्यावरच्या आजींनाही दिलं. उरलेला चोथा फेकला नाही. थालीपिठाच्या पिठात एक तृतीयांश मिसळला. किंचित गोड, खरपूस. विरजणताई, हे तुम्ही नक्की करून बघा.

पुरावा म्हणून पावशेर माल्ट बरणीत ठेवला होता. तो घेऊन परवा सकाळी सहाला मुंढव्याला गेलो.

झाकण उघडून मुंढवा नाका यांनी दोन दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले. म्हणाले, "कच्चेपणा थोडा आहे, पण दाणा भुसभुशीत झालाय." मग पाचशे लिटरच्या टाकीत मला वल्हं धरायला दिलं. वाफ अंगावर आली, आणि आठ वर्षांनी तोच वास. भाकरी, खीर, ओलं गवत. मी काही बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही. दुपारी यीस्ट टाकताना त्यांनी मला हाक मारली. बादली त्यांनीच रिकामी केली, मी शेजारी उभा राहून वहीत वेळ लिहिली: दुपारी १.२०.

रात्री पावणेबाराला त्यांचा संदेश आला. फक्त एवढंच लिहिलं होतं: "पहिला बुडबुडा."

विरजण

वाचून डोळे भरून आले. चोथ्याचं थालीपीठ उद्याच करते. आणि औंधकर, नाचणीला मात्र पाच दिवस लागत नाहीत, दीड-दोन दिवसांत मोड येतात. तुमचा हायड्रोमीटर घेऊन एकदा या आमच्याकडे, कोथरूडला. आजीच्या सत्त्वाची घनता किती भरते ते बघायचंय मला.

माणदेशी

जवाचं पेय मी करून बघीन. मार्केट यार्डातलं ते दुकान कोणत्या गल्लीत ते कळवाल का?

औंधकर

माणदेशी, मी शनिवारी पुन्हा जातोय, पाच किलो आणायला. तुमच्यासाठी दोन किलो आणतो. ब्रेमेन चौकात येऊन घेऊन जा, किंवा कुठे पोचवू ते सांगा.

विरजणताई, रविवारी चालेल? आईपण येईन म्हणतेय, तिचं पाखडायचं सूप घेऊन.